सरस

आमचं गाव खुर्च्यांचं.
विकमच्या टेकड्यांवर बीचची झाडं
आणि खाली प्रत्येक गल्लीत कुणीतरी
खुर्चीचा पाय कातत बसलेलं.
वडील म्हणायचे, हेस्टर,
ज्यावर माणूस बसतो ते लाकूड
कुरकुरतं, पण खोटं बोलत नाही.

एकेचाळीसच्या हिवाळ्यात खुर्च्या थांबल्या.
शेडमध्ये सिमेंटची दोन लांबलचक धुडं आली,
माशासारखी, एका कुशीवर निजलेली.
त्या साच्यांवर आधी बर्चचा पापुद्रा,
मग बाल्सा, इक्वेडोरच्या जंगलातून बोटीने आलेला,
इतका हलका की पहिल्या दिवशी
मी फळी उचलायला जोर लावला
आणि मागच्या मागे पडले.
सगळी शेड हसली.
वर पुन्हा बर्च. पट्टे आवळायचे
आणि रात्र जाऊ द्यायची.

विमानाचे दोन उभे भाग, शेंगेच्या टरफलांसारखे.
मिटण्याआधी आतून भरून घ्यायचं सगळं,
तारा, नळ्या, दांडे,
मिटल्यावर जिथे हात पोचणार नाही ते सगळं.
एकदा माझा पत्र्याचा कंगवा आत राहिला.
कुणाला सांगितलं नाही.

साहेबांनी आधी नावं ठेवली:
या अॅल्युमिनियमच्या दिवसांत लाकडाचं विमान?
सुतारांच्या भरवशावर लढाई?
मग त्याचा वेग पाहिला
आणि नाव ठेवलं. डास.
दोन इंजिनं. दोन माणसं,
मोटारीत बसावं तशी शेजारी शेजारी,
आणि त्यांच्या पायांखाली चार तोफा.
अंगावर ताणून बसवलेलं मांजरपाट, त्यावर रंग.
रंगाखाली काय आहे
ते आमच्या गल्लीला ठाऊक.

सुरुवातीचा सरस दुधाचा होता.
आंबूस वास केसांतून जायचा नाही.
घरी दूध मोजून मिळायचं, कपाच्या खुणेपर्यंत,
आणि इथे आम्ही बादलीने
पंखांना फासत होतो.
आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही.
पुढे कारखान्याचा सरस आला, औषधाच्या वासाचा.
तिला तो बरा वाटला. निदान
कुणाच्या तोंडचा नव्हता.

मुकादम सिप्रियन डॉर्मर, एका डोळ्याने अधू,
प्रत्येक सांधा बोटाच्या पेराने वाजवून बघायचा,
मडकं घेताना वाजवतात तसा.
बद्द वाजलं की खडूची फुली.
बोलणं नाही.
माझा शिक्का होता एकशे सत्तेचाळीस.

चव्वेचाळीस सरताना पूर्वेकडून बातमी आली.
तिकडच्या उन्हात, ओलाव्यात
पंखांचे सांधे उकलले होते.
विमानं पडली.
विमानं म्हणताना आम्ही माणसं म्हणायचं टाळलं.
फायली आल्या. कुणाचा शिक्का,
कुठली पाळी, कुठली बादली.
कुणी म्हणालं हवामान, कुणी म्हणालं घाईतले हात.
डॉर्मर म्हणाला,
माझ्या कानाला ते बरोबर वाजले होते.
टोपी घातली आणि घरी गेला.
दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही.

माझा आकडा यादीत नव्हता.
हायसं वाटलं.
त्या हायसं वाटण्याची लाज
अजून तितकीच ताजी आहे.

लढाई संपल्यावर धातूची विमानं वितळवून
पातेली झाली म्हणे.
आमची वितळणार कशी?
तळाच्या टोकाला रचली आणि पेटवली.
मी सायकलने गेले होते, अकरा मैल.
वाटलं होतं, दुधाचा वास येईल.
नाही आला. नुसतं लाकूड,
शेकोटीत जळतं तसंच.
पहारेकऱ्याने विचारलं, बाई, काय शोधताय?
मी म्हटलं, काही नाही.
राखेत पितळी स्क्रू पडले होते, शेकड्यांनी,
निळे-काळे झालेले,
आणि मी काठीने ढवळत राहिले
अंधार पडेपर्यंत,
एका कंगव्यासाठी.